दोन काड्यांच्या मधी

लालासाहेब आकाराम थोरवत यानं आपल्या हातानं निदान पन्नास हजार माणसांची नावं जुळवली असतील. लग्नपत्रिकांतले वधूवर, त्यांच्याखाली मानपानाच्या क्रमानं उभे केलेले काका, मामा आणि आत्याचे यजमान. निवडणुकीत निवडून आलेले, पडलेले, आणि पडूनही आभार मानणारे. काळ्या चौकटीत गेलेले आणि त्यांचे शोकाकुल आप्तेष्ट, ज्यांतले निम्मे एकमेकांशी बोलत नसत. ही सगळी नावं लालासाहेबाच्या बोटांतून उलटी होऊन गेली आणि कागदावर सुलटी उतरली. एकच नाव कधी उतरलं नाही. त्याचं स्वतःचं.

तुम्ही म्हणाल, मग जुळवायचं होतं की एखाद्या दुपारी. अक्षरांचे शिशाचे खिळे हाताशी, मशीन चार पावलांवर. पण आमच्या छापखान्यात एक नियम होता. कंपॉझिटरनं आपलं नाव आपल्या हातानं जुळवायचं नाही. पूर्वीच्या एका फोरमननं म्हणे हौसेनं आपलं नाव जाड टाइपात जुळवून छापून बघितलं, आणि महिन्याच्या आत तेच खिळे काळ्या चौकटीत बसवावे लागले. त्या फोरमनला आधीपासून क्षय होता, ही गोष्ट सांगणारे सोयीनं विसरत. पण नियम पाळत.

छापखाना सांगलीत, गणपती पेठेच्या मागच्या बोळात होता. मालक विष्णुपंत. सगळे पंतच म्हणत. पंतांचं स्वतःचं एक साप्ताहिक होतं. ते दर गुरुवारी निघे. लोक त्यातला अग्रलेख सोडून शेवटच्या पानावरच्या जाहीर नोटिसा वाचत, आणि ते योग्यच होतं, कारण नोटिसांत निदान काहीतरी घडलेलं असे. मी चौऱ्याहत्तर साली तिथं प्रूफं तपासायला लागलो. आष्ट्याच्या हायस्कुलात मराठीत पहिला आलो होतो. बाकीच्या विषयांची चौकशी पंतांनी केली नाही, मीही सांगितली नाही. कंपॉझिटर दोघेच, लालासाहेब आणि जोतिबा. जोतिबा तोंडानं काम करायचा, लालासाहेब हातानं.

लालासाहेबाचं गाव आष्ट्यापासून कोसभर. घरी ऊस आणि मिल्ट्री, दोन्ही. थोरला भाऊ नानासो हवालदार, धाकटा सयाजी शिपाई. लालासाहेबही अठराव्या वर्षी भरतीला उभा राहिला होता. छाती न फुगवता भरली, फुगवून एक इंच कमी पडली. साहेबानं टेप गुंडाळला आणि “नेक्स्ट” म्हणाला. तेव्हापासून इंचाचा विषय निघाला, की लालासाहेब म्हणायचा, “इंच म्हंजे काय असतंय ते मला इचारा मास्तर. तुमाला ती रेघ दिसती. मला आख्खी पल्टन दिसती.”

मला तो मास्तर म्हणायचा. वयानं मी त्याच्या निम्मा.

बाहत्तर साली त्याच्या गावच्या चावडीवर पाटी लागली होती. एकाहत्तरच्या लढाईत लढून आलेल्या गावच्या जवानांची नावं, पांढऱ्यावर तांबडी. त्यात नानासो आणि सयाजी एकाखाली एक. त्यांची आई साळूबाई. तिला अक्षर येत नव्हतं, पण पाटी लागल्या दिवशी तिनं दोन्ही नावांवर बोट ठेवून घेतलं, आणि मग लालासाहेबाकडं वळून विचारलं, “तुजं कुठं लागतंय रं?”

“मी नावं लावणारा हाय, आये.”

“मंग तुजं लावायला कुणाची बंदी हाय?”

हे तिनं एकदा विचारून थांबवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण लालासाहेब शनिवारी गावी जायचा, आणि म्हातारी दर शनिवारी विचारायची. भाकरी वाढताना विचारायची. शेजारची धोंडुबाई बसली असली, तर मुद्दाम विचारायची. “लागलं का रं नाव?” नापास पोराला निकाल विचारावा तसं.

अशात साताऱ्याचे मधुकरराव अष्टपुत्रे आले.

हे निवृत्त ओव्हरसियर. तीस वर्षं बांधकाम खात्यात काढली आणि आता त्यांना पुस्तक काढायचं होतं. घर, विहीर, शेताची ताल, गोठा, कशाला किती दगड, किती चुना, किती वाळू, याची कोष्टकं. देशात मीटर येऊन बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी गवंड्यांपर्यंत पोचली नव्हती. म्हणून मापं सगळी फूट-इंचात. हस्तलिखित त्यांनी स्वतः मराठी टंकयंत्रावर बडवून आणलं होतं. साताऱ्याच्या दोन छापखान्यांनी हात जोडले होते. का जोडले, ते आम्हाला पहिल्या प्रुफाला कळलं.

अष्टपुत्र्यांनी प्रूफ डोळ्यांसमोर धरलं आणि विचारलं, “हे काय आहे?”

“फूट,” पंत म्हणाले.

“हा फूट नव्हे. हे बेडकाचं पिल्लू आहे. डोकं आहे, शेपूट आहे. माझ्या कागदावर बघा. सरळ उभी काडी. एक काडी म्हणजे फूट, दोन म्हणजे इंच. आणि हे तुमचं काय? पाच फुटांपुढं शेपूट काढून ठेवलंय. गवंडी एक्कावन्न वाचील. पाच फुटांचा आड एक्कावन्न फुटांचा खणला, तर मालक मला त्यात ढकलील.”

त्यांचं खोटं नव्हतं. आमच्याकडं अवतरणचिन्हाचं काम स्वल्पविरामावर भागायचं. उघडताना तो उलटा करून बसवायचा. मिटताना त्याचंच जुळं भावंड वर लावायचं. माणसाच्या बोलण्याभोवती ती शेपटं शोभतात. पण मराठी पाचाशेजारी ते शेपूट बारक्या एकासारखंच दिसत होतं.

“आणि नुसत्या मापांचं नाही,” अष्टपुत्रे म्हणाले. “पुस्तकात जिथं जिथं अवतरण आहे, तिथंही मला सरळच पाहिजे. मी टंकलंय तसं. तीस वर्षं मी ओळंबा धरलाय. माझ्या पुस्तकात वाकडं काही चालणार नाही.”

पंतांनी खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीला पत्र टाकलं. उत्तर आलं, मराठी टाइपात असली चिन्हं आम्ही ओतत नाही. पंत दोन दिवस पान खायचे विसरले. तिसऱ्या दिवशी लालासाहेब त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिला.

“मी करतो.”

“काय करतोस?”

“काड्या. पितळी रुळाच्या.”

पितळी रूळ म्हणजे खिळ्याच्याच उंचीची पातळ पट्टी; कोष्टकातल्या रेघा तिच्यावर छापतात. लालासाहेबाचं म्हणणं असं: त्या पट्टीचा अक्षराएवढा तुकडा काढायचा, ओळीत उभा बसवायचा, आणि त्याचा वरचा तेवढा भाग ठेवून खालचा कानशीनं उतरवायचा. मग शाई फक्त वरच्या टोकाला लागेल. उभी काडी. एक तुकडा म्हणजे फूट. दोन शेजारी ठेवले की इंच. अवतरणालाही तेच.

“किती लागतील?” पंतांनी विचारलं.

“आठ पानं एका वक्ताला. सव्वातीनशे तरी.”

“करशील?”

“करीन की. पर मला कायतरी पायजे.”

पंतांचा चेहरा पगारवाढीला सामोरं जाताना व्हायचा तसा झाला. लालासाहेब म्हणाला, “पुस्तकाच्या शेवटच्या पानावर माजं नाव. जुळणी, लालासाहेब आकाराम थोरवत. एवढंच.”

पंत इतके हलके झाले, की हसले. “अरे एवढंच ना? दिलं. जा.”

मी तिथंच प्रूफ वाचत होतो. पंतांनी ‘दिलं’ हा शब्द इतका सहज उच्चारला, की त्याच वेळी माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण मराठीत पहिल्या आलेल्या माणसाची पाल उशिरा चुकचुकते.

पुढचे दोन महिने लालासाहेब जेवणाच्या सुट्टीत खिडकीपाशी बसायचा. एका हातात पक्कड, एका हातात कानस. तुकडा एवढा बारका, की पकडीत आला की दिसायचा नाही, दिसला की पकडीत यायचा नाही. पहिल्या खेपेचे तीस फेकून दिले; ते कागदच फाडत होते. दुसऱ्या खेपेचे खाली जास्त राहिले. प्रुफावर काडीखाली पुसट रेघेचं भूत दिसायचं. बोटांची टोकं सोलवटली होती. भाकरीवर पितळेची पूड पडायची. जोतिबा म्हणायचा, “लालू, तुज्या पोटात आता घंटा वाजंल रं.”

“वाजू दे. तुजं तोंड वाजतंय त्यापेक्षा बरं.”

“आन ह्ये सगळं कशासाठी? एका वळीसाठी?”

“एका वळीसाठी.”

काड्या ठेवायला जागा हवी होती. आमच्या टाइपाच्या केसमध्ये प्रत्येक अक्षराला खण असतो, आणि एक खण असतो दीर्घ ‘ॡ’चा. ते अक्षर वर्णमालेत आहे म्हणून त्याला जागा. काम काही नाही, एखाद्या सरकारी महामंडळासारखं. तो खण लालासाहेबानं पुसून घेतला आणि त्यात काड्या ठेवल्या. एखादी घरंगळली, तर तो गुडघ्यावर बसून फरशीवरून तळहात फिरवत शोधायचा.

अष्टपुत्रे पुन्हा सांगलीला आले, तेव्हा पहिल्या आठ पानांची प्रुफं त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी खिशातून छोटी पट्टी काढली आणि काड्यांना लावून बघितली. खरंच लावली, मी डोळ्यांनी पाहिलं.

“वा,” ते म्हणाले. “ओळंब्यात आहेत. कुठून आणलीत?”

लालासाहेब चार पावलांवर पाठमोरा उभा होता, जुळणी चालू होती. पंत म्हणाले, “मुंबईहून. खास तुमच्यासाठी.”

लालासाहेबाच्या हातातल्या स्टिकचा, खिळे रचायच्या पट्टीचा, टिकटिक आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी मी त्याला म्हटलं, “तुम्ही बोलला का नाही?”

“कशाला बोलू? मुंबईचं म्हणलं की मानसाला माल चांगला वाटतो. सांगलीच्या बोळातला म्हणलं, तर त्यो परत पट्टी काढंल.” मग म्हणाला, “आसूं दे मास्तर. शेवटच्या पानावर नाव येतंय न्हवं? मग बास.”

पुस्तक पुढं सरकलं. आठ पानं छापायची, खिळे सोडवून परत खणात टाकायचे, काड्या वेचून पुढच्या आठ पानांत लावायच्या. इतर खिळे जोतिबाही सोडवायचा. काड्यांना लालासाहेब हात लावू द्यायचा नाही. शेवटच्या आठ पानांत छापखान्याच्या पद्धतीप्रमाणं सगळं मागून येणारं येतं: मुखपृष्ठामागचं पान, प्रस्तावना, आणि अगदी शेवटचा मुद्रकाचा मजकूर. शेवटच्या पानावरची ती ओळ नियमाप्रमाणं जोतिबानं जुळवली. जुळवताना मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, “ला... ला... सा... हे... ब. लय जड नाव हाय गड्या. खिळं कमी पडत्यात.”

लालासाहेबानं तिकडं बघितलंही नाही. पण शनिवारी गावी जाऊन त्यानं म्हातारीला सांगितलं, की आता दोन आठवड्यांत. हे मला नंतर कळलं.

मग साताऱ्याहून प्रस्तावना आली. ती लालासाहेबाच्या वाट्याला गेली. मी प्रूफ घेतलं आणि वाचायला बसलो. तिसऱ्या परिच्छेदात अष्टपुत्र्यांनी लिहिलं होतं: या पुस्तकासाठी आवश्यक ती सरळ चिन्हे मुद्रक श्री. विष्णुपंत यांनी स्वतः झीज सोसून मुंबईहून मुद्दाम घडवून आणविली. अशी तळमळ असलेला मुद्रक विरळा.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. चूक शोधत होतो म्हणा, किंवा आशा करत होतो म्हणा. एखादा काना मोडलेला, एखादं अक्षर उलटं, एखादा शब्द गाळलेला. काही नव्हतं. ‘मुंबईहून’मधला अनुस्वारसुद्धा जागच्या जागी होता. आपली दोन महिन्यांची बोटं दुसऱ्याच्या नावावर जाताना त्यानं एकही खिळा हलवला नव्हता.

“लालासाहेब, हे तुम्ही जुळवलंत?”

“मजकूर हाय त्यो. मजकुराला कंपॉझिटरनं इचारायचं नसतं.”

दुसऱ्या दिवशी पंतांनी मला बोलावलं. साताऱ्याच्या एका सिमेंटवाल्याची जाहिरात आली होती, शेवटच्या पानासाठी.

“ती जुळणीची ओळ काढ.”

मी म्हटलं, “पंत, जाहिरातीखाली ओळभर जागा राहते.”

“राहते. पण जाहिरातीखाली कामगाराचं नाव शोभत नाही. सिमेंटवाला म्हणेल, हा कोण? आणि प्रस्तावनेत मुंबईचं आलंय. वाचणारा उगाच दोन आणि दोन चार करील. पुढच्या आवृत्तीत घालू.”

“तुम्ही त्याला शब्द दिला होता.”

“मग मी कुठं नाही म्हणतोय? पुढच्या आवृत्तीत.”

कोष्टकांच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती कधी निघत नाही, हे पंतांना माहीत होतं आणि मलाही. माझी नोकरी सात महिन्यांची होती. सात महिन्यांच्या नोकरीत माणसाला जेवढा कणा असतो, तेवढा मला होता. मी टेबलाशी आलो, प्रुफावर त्या ओळीवरून रेघ मारली आणि समासात ‘काढा’ची खूण केली. प्रुफावरची खूण म्हणजे हुकूम. कंपॉझिटर त्यावर हुज्जत घालत नाही. चिमटा घेतो आणि सांगितलेलं काढतो.

प्रूफ जोतिबाकडं द्यावं असं मी ठरवलं होतं. पण तो दिवस त्याच्या रजेचा निघाला.

लालासाहेबानं प्रूफ घेतलं. खूण बघितली. माझ्याकडं बघितलं. मी कुठं बघत होतो ते सांगत नाही. मग त्यानं चिमटा घेतला आणि आपलं नाव एकेक अक्षर उचलून ज्या त्या खणात टाकलं. आपलं नाव जुळवायचं नाही असा नियम होता. काढायचं नाही असा नव्हता.

पुस्तक निघालं. पंतांच्या टेबलावर एक प्रत आली. आलेल्या प्रत्येक माणसाला पंत प्रस्तावना उघडून दाखवत.

शनिवारी गावी जाऊन लालासाहेबानं म्हातारीला काय सांगितलं, माहीत नाही. त्यानंतर तीन शनिवार तो गावीच गेला नाही.

महिनाभरानं कडेगावकडचे एक साहेब आले. त्यांनी अष्टपुत्र्यांचं पुस्तक बघितलं होतं. त्यांना ऊसवाहतुकीच्या गाड्यांच्या मापांची पुस्तिका छापायची होती, आणि अगदी अशाच सरळ चिन्हांसकट. काम मोठं होतं. पंत म्हणाले, “आहेत की आमच्याकडं. साऱ्या जिल्ह्यात फक्त आमच्याकडं.” आणि हाक मारली, “लालासाहेब, जरा दाखव रे साहेबांना.”

लालासाहेब आला. ‘ॡ’चा खण ओढून दाखवला. खण रिकामा होता. पुसून स्वच्छ केलेला.

“काड्या कुठं आहेत?” पंत म्हणाले.

“न्हाईत.”

“न्हाईत म्हणजे?”

“मुंबईस्नं आल्या हुत्या न्हवं?” लालासाहेब म्हणाला. आवाज अगदी सरळ, ओळंब्यातला. “मागवा की परत.”

साहेब पंतांकडं बघू लागले. पंतांच्या तोंडात पान होतं; ते गिळलं गेलं. मशीनपाशी उभा असलेला जोतिबा ठसका लागल्यासारखं करून बाहेर गेला आणि बोळात जाऊन हसला. आम्हाला ऐकू आलं. पंतांनाही.

साहेब गेल्यावर जे झालं ते थोडक्यात सांगतो. पंत म्हणाले, रूळ छापखान्याचे, म्हणून काड्या छापखान्याच्या, म्हणून तू चोर. लालासाहेब म्हणाला, “रूळ तुमचं. रुळाचा मोबदला पगारातनं कापून घ्या. काड्या माज्या.” पंत म्हणाले, एकोणीस वर्षं मीठ खाल्लंस. लालासाहेब म्हणाला, “पितळबी खाल्लंय.” पंतांनी त्याला काढून टाकलं. पण शनिवारपासून, कारण गुरुवारचा अंक होता आणि जोतिबा एकटा पुरला नसता. काढलेल्या माणसाकडूनही तीन दिवस काम करून घ्यावं, एवढी व्यवहारबुद्धी पंतांत होती.

बुधवारी दुपारी, मिरजेला कागद बघायला जाताना, पंतांनी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी टाकली. “नोटिसांत घे. वरच. जाड टाइपात.”

जाहीर नोटीस होती. अमुक इसम आमचे छापखान्यातून दूर केला असून त्याचा व आमचा काही एक संबंध राहिला नाही, त्याच्याशी आमचे वतीने कोणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही. अशा नोटिसा आम्ही आठवड्याला तीन छापायचो. मुनीम, ड्रायव्हर, घरातून निघून गेलेले मुलगे. मजकूर ठरलेला, फक्त नाव बदलायचं.

मी चिठ्ठी जोतिबाकडं दिली. त्यानं वाचली आणि परत माझ्या टेबलावर ठेवली.

“मी न्हाई जुळवणार.”

“जोतिबा, अंक जायचाय.”

“जाऊ दे न्हाईतर राहू दे. एकदा त्याचं नाव मी जुळवलं, त्ये तुमी काढलं. आता हे तुमीच जुळवा मास्तर.”

त्याचं बरोबर होतं. पण मला खिळे जुळवता येत नव्हते. आम्ही दोघं कागदाच्या त्या चिटोऱ्याकडं बघत उभे होतो, तेवढ्यात मागून हात आला आणि लालासाहेबानं चिठ्ठी उचलली. वाचायला त्याला फार वेळ लागला नाही.

“द्या. मी करतो.”

“लालू,” जोतिबा म्हणाला, “आपलं नाव आपण जुळवायचं न्हाई.”

“काळ्या चौकटीत जाईन म्हंतोस? ही कुठली चौकट पांढरी हाय?” आणि केसपाशी गेला. “दुसरा कोण जुळवंल, तर वाकडं जुळवंल.”

तो इतका सावकाश जुळवत होता, की मला वाटलं तो थांबलाय. नावाच्या ओळीशी आला तेव्हा त्यानं बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली. उघडली. आत तंबाखू नव्हती.

प्रूफ आलं. जाहीर नोटीस, जाड टाइपात, मध्ये एका ओळीवर एकटंच नाव, दोन्ही बाजूंना मोकळी जागा, एखाद्या उमेदवारासारखं:

"लालासाहेब आकाराम थोरवत"

दोन काड्या अलीकडं, दोन काड्या पलीकडं. सरळ. ओळंब्यात. साऱ्या पानावरच्या बाकीच्या अवतरणांना शेपटं होती. फक्त या नावाला नव्हती. पंतांनी जी चीज चोरीला गेली म्हणून नोटीस दिली होती, ती नोटिशीतच छापून येणार होती.

नियमाप्रमाणं मला ती चूक म्हणून खूण करायला हवी होती. पानावर एकाच जातीची चिन्हं हवीत, हे प्रूफ तपासणाऱ्याचं पहिलं काम. चिठ्ठीत तर नावाभोवती चिन्हंच नव्हती. मी पेन्सिल उचलली, आणि समासात कुठलीही खूण न करता खाली लिहिलं, ‘छापा’. सही केली. एवढंच जमलं, आणि तेही काही फार नव्हे.

शनिवारी संध्याकाळी आम्ही एकाच एसटीनं निघालो. मी आष्ट्याला उतरणार होतो, तो म्हणाला, “चला की घरापतूर. नानासो रजेवर आलाय.” त्याच्या हातात अंक होता, घडी न मोडता धरलेला. मला वाटलं, वाटेत कुठं टाकून देईल. टाकला नाही.

साळूबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. नानासो बाजेवर, बनियन आणि मिल्ट्रीची चड्डी. म्हातारीनं लेकाकडं वर बघितलं. यावेळी तिनं विचारलं नाही. चार आठवड्यांत तिनं विचारणं सोडलं असावं. लालासाहेब तिच्यापुढं उकिडवा बसला आणि अंक जमिनीवर पसरला.

“आये, नाव लागलं.”

“कुठं?” म्हातारीनं हातातली शेंग टाकली, पदराला हात पुसले. “कुठं हाय रं? समदं काळंच दिसतंय.”

“ह्या दोन काड्या बघ. उभ्या. दिसत्यात? आन ह्या दोन पल्याड. त्यांच्या मधी हाय त्यो मी.”

म्हातारीचं बोट पानावरून फिरलं, आणि खरंच कुणी न सांगता त्या काड्यांपाशी अडलं. सबंध पानात तेवढंच सरळ होतं. तिनं या काड्यांपासून त्या काड्यांपर्यंत बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

“लय लांब हाय की. नानाच्या नावापरास लांब.”

“बापाचं नाव बी हाय त्यात.”

नानासो बाजेवरून उठून आला होता. त्याला वाचता येत होतं. मिल्ट्रीत शिकला होता. तो तिच्या खांद्यावरून वाकून वाचत होता, ओठ हलत होते. वाचून झाल्यावर त्यानं भावाकडं बघितलं. लालासाहेबानं मान खाली घातली नाही.

“म्होरं काय लिवलंय रं नाना?” म्हातारीनं विचारलं. बोट अजून नावावरच होतं.

नानासोनं घसा साफ केला. “म्होरं... डिस्चार्ज लिवलाय.”

“म्हंजे?”

“नोकरीतनं सोडलं. कायमचं. आमच्याकडं तसंच म्हंत्यात.”

“म्हंजे आता हितंच ऱ्हातूय?”

“हितंच.”

साळूबाईनं नावावरचं बोट उचललं. मग तिनं अंकाची घडी घातली, नाव बाहेर राहील अशी, आणि शेजारच्या कुडाकडं तोंड करून हाक मारली, “धोंडे, ए धोंडे, ये हिकडं. माज्या लालाचं नाव लागलंय छापून.” आणि लेकाला म्हणाली, “बरं झालं बाबा. ऊस वाळायला लागलाय. उद्यापासनं पाण्याला जा.”